हेडसरांच्या माशाची सरासरी

ज्या दुपारी जावईबापूंच्या दारात काट्यांचं खोकं आलं, आणि उघडल्यावर त्यातून लाल मखमलीवर ओळीने झोपलेले बारा लखलखीत जेवणाचे काटे निघाले, त्या दुपारी त्यांना पहिल्यांदा जाणवलं, की हे काम दिसतं तेवढं सोपं नाही.

"छान आहेत," बायको म्हणाली. तिने एक काटा उजेडात धरून फिरवून पाहिला. कडेवरची नऊ महिन्यांची छकुली दुसऱ्या काट्यावर झेप घ्यायला बघत होती. "पण अहो, मासा किती भरला ते यावर कळणार कसं? चार दातांचे चार किलो धरायचे का?"

चूक खरं म्हणजे कोणाचीच नव्हती, आणि म्हणूनच ती एवढी मोठी झाली. गळमित्र मंडळाच्या सभेत ठराव रीतसर झाला होता: 'माशांच्या वजनासाठी एक विश्वासार्ह काटा घेणे.' पण मंडळाचे चिटणीस आयुष्यभर तारखात्यात नोकरीला होते. शब्द खर्च करणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. त्यांनी दुकानदाराला चिठ्ठी पाठवली: 'काटे. मासा. उत्तम. त्वरित.' भांड्यांच्या दुकानदाराने बिचाऱ्याने आपल्या परीने उत्तमही पाठवले आणि त्वरितही. बरं, भाषाही अशी, की काटा म्हटलं की माणसाने काय काय म्हणून समजायचं? गुलाबाला काटा, घड्याळात काटा, ताटाशेजारी काटा, अंगावर काटा. सभेत खजिनदारांनी तर हरकतच घेतली होती, की माशात काटा मूळचाच असतो, मंडळाने तो वेगळा का पुरवायचा? ती हरकत इतिवृत्तात आहे.

जावईबापूंना अर्थात नाव होतं. पण ते बायकोच्या गावात राहायला आले, आणि बायको हेडसरांची मुलगी, त्यामुळे सगळं गाव त्यांना जावईबापू म्हणायला लागलं. पाणीपुरवठा कचेरीत ते मीटरचे आकडे वाचायचं काम करत. तिथले साहेबही त्यांना "अहो जावईबापू, ते तीन नंबरचं मीटर बघा" असंच म्हणत. आणि गेल्या वर्षी नेमकं हे आकडे वाचणंच त्यांना भोवलं होतं.

गळमित्र मंडळ दर वर्षी एका सकाळी गावाबाहेरच्या तळ्यावर गळ टाकून बसतं. ज्याचा मासा सर्वांत जड त्याला फिरता चषक. आणि मासे पुन्हा पाण्यात. गेल्या वर्षी हेडसरांना असा मासा लागला, की तो बाहेर काढताना त्यांची टोपी तळ्यात गेली आणि त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मंडळाचा तेव्हाचा काटा हुकाचा, स्प्रिंगचा. मासा टांगला की तो शेपटी मारणार, शेपटी मारली की सुई नाचणार. हेडसरांचा मासा तर अंगात आल्यासारखा नाचला. सुई दोन किलो आणि चार किलो यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत राहिली. काटा हातात जावईबापूंच्या, कारण आकडे वाचण्यात गावात शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मनाशी बेरीज केली, भागाकार केला, आणि जाहीर केलं: "दोन किलो नऊशे."

दातांच्या डॉक्टरांचा मासा मात्र भूल दिल्यासारखा शांत लटकला. दोन किलो नऊशे पन्नास. चषक त्यांना.

"नऊशे हा आकडा सुईने कधी दाखवला?" हेडसरांनी विचारलं.

"तसा दाखवला नाही, सर. सुई थांबतच नव्हती, म्हणून मी सरासरी—"

"सरासरी?" तळ्याकाठी पाखरंसुद्धा गप्प झाली म्हणतात. "माझ्या माशाची तुम्ही सरासरी काढलीत?"

"सर—"

"सरासरी वर्गाची काढतात, जावईबापू. विद्यार्थ्याची नाही."

हेडसर पूर्वी जावईबापूंच्या गावी शिकवत, तेव्हा जावईबापू त्यांचे विद्यार्थी होते. सातवी ब. तेव्हापासून 'सर' तोंडात बसलेलं, ते लग्नानंतरही सुटलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांना पुन्हा बाकावर उभं राहिल्यासारखं वाटलं. आणि हेडसरांनी सगळ्या मंडळासमोर सांगून टाकलं, की जोवर खरा काटा येत नाही, तोवर खोट्या आकड्याच्या घरी आपण पाऊल ठेवणार नाही.

ते त्यांनी पाळलं. छकुली झाली तेव्हा दवाखान्यात आले, तासभर तिच्याकडे बघत बसले. पण घरी म्हणून नाही. जावईबापूंचं घर दुसऱ्या मजल्यावर. हेडसर रोज पाच वाजता स्कूटरवरून यायचे, खाली थांबून दोनदा हॉर्न वाजवायचे. मग बायकोने छकुलीला दुपट्यात घ्यायचं, दोन जिने उतरायचं, स्कूटरवर बसल्या बसल्या आजोबांनी नातीशी दहा मिनिटं बोलायचं, आणि मग बायकोने दोन जिने चढायचं. जावईबापू वरून गॅलरीतून नमस्कार करायचे. हेडसर तो गॅलरीतल्या कुंडीला केल्यासारखा स्वीकारायचे.

सुरुवातीला सगळ्यांना हसू यायचं. पण छकुली रांगायला लागली, तेव्हा एका संध्याकाळी बायको वर आली ती पायरीवरच टेकली. दम लागलेला, केस सुटलेले. "स्कूटरवर रांगता येत नाही हो," ती म्हणाली. "बाबांनी तिला एकदासुद्धा रांगताना पाहिलं नाही. दोन महिन्यांत उभी राहील ती, मग रांगणं संपलंच." केस मागे सारत म्हणाली, "तुमचं आणि त्यांचं काय असेल ते असो. तो काटा आणा."

म्हणून जावईबापू पुढच्या सभेत हात वर करून काटा समितीवर गेले. समितीत आणखी कोणी हात वर केला नाही, तेव्हा समितीही तेच, अध्यक्षही तेच. स्पर्धेला सहा आठवडे होते. हेडसरांनी चिटणीसांतर्फे एकच अट कळवली: 'जिवंत मासा. सरासरी नको.'

काटे परत गेल्यावर इमारतीत बातमी पसरली, आणि सल्ल्यांना तोटा राहिला नाही. तळमजल्यावर फ्यूजकाका राहतात. ते निवृत्त वायरमन. जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ सैल वायर आहे असं त्यांचं मत. "इलेक्ट्रॉनिक घ्या," ते म्हणाले, आणि स्वतःच कुठूनसा एक टांगायचा काटा घेऊन आले. विटेला तो नीट वजन सांगायचा. विटेला ओलं फडकं गुंडाळलं तेव्हाही सांगायचा. वीट जरा हलवली, तेव्हा मात्र त्याने आधी ओळीने आठ आठ आठ आठ दाखवले, मग काहीच नाही.

"बिघडला?" जावईबापूंनी विचारलं.

"घाबरला," फ्यूजकाका त्याच्यावर हात फिरवत म्हणाले. "नवा आहे ना."

पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाकूंना हे पटलं नाही. त्या कपडे शिवतात. गळ्यात टेप चोवीस तास असते. "माशाचं वजन कशाला, लांबी घ्या," हा त्यांचा पहिला सल्ला. तो फेटाळल्यावर दुसरा: आंघोळीच्या खोलीत ठेवतात तो काटा आणायचा. माणसाने मासा घेऊन त्यावर उभं राहायचं, मग मासा ठेवून उभं राहायचं. वजाबाकी. हे समितीला शास्त्रीय वाटलं. मासा हाताशी नव्हता म्हणून प्रयोग छकुलीवर झाला. पहिल्या खेपेला ती तीन किलो भरली. दुसऱ्या खेपेला अकरा. तिसऱ्या खेपेला तिला कडेवर घेतल्यावर जावईबापूंचं एकूण वजन दोनशे ग्रॅमने उतरलं.

"बापाचा भार हलका करते हो पोर," शिवणकाकू पदराला डोळे पुसत म्हणाल्या. पण ही नोंद मंडळाला कळवण्यासारखी नव्हती. शिवाय या प्रयोगात जावईबापूंचं स्वतःचं वजन सगळ्या जिन्याला कळलं, आणि पुढे आठ दिवस फ्यूजकाका त्यांना बघून पायरीवरून जरा बाजूला सरकायचे.

बाजारातल्या मासेवाल्या मावशींनी तर वादच मिटवून टाकला. "काटा कुठलाबी घ्या," त्या म्हणाल्या, "धरणारा हात खरा पाहिजे." हे ऐकून जावईबापू आणखीच खिन्न झाले. कारण हेडसरांचं म्हणणं नेमकं तेच होतं.

शेवटी त्यांनी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि वजनमाप खात्यात गेले. खऱ्या काट्यावर सरकारी शिक्का असतो एवढं त्यांना माहीत होतं. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पुढे ओढला.

"धंदा?"

"धंदा नाही. हौस आहे."

"हौसेचा रकाना नाही. मासे विकता?"

"नाही."

"विकत घेता?"

"नाही. धरतो."

"धरून?"

"तोलतो."

"तोलून?"

"सोडून देतो."

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "साहेब, सोडूनच द्यायचा, तर तो कितीचा होता हे हवंय कोणाला?"

"सासऱ्यांना," जावईबापू म्हणाले.

कारकुनाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. त्याने अर्ज हळूच उलटा करून ठेवला, मागच्या टेबलाकडे एक नजर टाकली आणि खिडकीतून पुढे वाकला. "मलाही आहेत," तो म्हणाला. "पण शिक्का नाही मिळणार. शिक्का विक्रीच्या काट्याला. जिथे कोणी कोणाला फसवायला बसलेलंच नाही, तिथला काटा खरा की खोटा, हे बघायची आम्हाला पॉवर नाही. तुम्ही असं करा, सराफकट्ट्यावर कोपऱ्यात एक म्हातारे सोनार आहेत. आम्ही दर वर्षी तपासायला जातो. त्यांचा काटा आजवर केसभर चुकलेला नाही. फोन करून जा मात्र. शिस्तीचे आहेत."

आता पुढचं जे झालं, ते सांगताना जावईबापूंच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ते ग्रॅम आणि किलोंत वाढलेले गृहस्थ. 'तोळामासा' हा शब्द त्यांनी फक्त एका आजारी आत्याच्या प्रकृतीबद्दल ऐकला होता. सोनाराच्या जुन्या मापात मासा नावाचं एक वजन असतं, बारा मासे म्हणजे एक तोळा, आणि त्यातला एक मासा म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नाही, हे त्यांच्या कानावर कधी पडायचं कारणच नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"मासा तोलायचा होता," ते म्हणाले.

"तोलू की. जन्म गेला तेच करण्यात," पलीकडून संथ आवाज आला.

"तुमच्या काट्यावर होईल ना?"

"साहेब, मासाच काय, गुंजसुद्धा तोलतो आम्ही. किती मासे आहेत?"

"एकच."

"एकच?" आवाज जरा हिरमुसला. "बरं, या. लहान गिऱ्हाईकाला आम्ही परत पाठवत नाही."

"लहान नाही हो, चांगला मोठा आहे."

"मासा लहान-मोठा नसतो, साहेब. मासा म्हणजे मासा. माझ्या आजोबांच्या वेळी होता तेवढाच आजही आहे."

जावईबापू भारावून गेले. माशामाशांत भेद न करणारा माणूस त्यांना वर्षभरात पहिल्यांदाच भेटत होता. "एक अडचण आहे," ते अजिजीने म्हणाले. "तो फार हलतो."

"आमच्याकडे नाही हलणार. पंखासुद्धा बंद करतो मी तोलताना."

"आणि जरा ओला असेल."

"पुसून घेऊ," सोनार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जावईबापू मासेवाल्या मावशींकडून जिवंत मासा झाकणाच्या बादलीत घेऊन पेढीवर हजर झाले. पांढरीशुभ्र गादी, काचेचं कपाट, तक्क्याला टेकलेले म्हातारे सोनार. एक बाई बांगड्या बघत होत्या. सोनारांनी खरोखरच पंखा बंद केला. काचेच्या पेटीतला काटा पुढे ओढला. त्याची पारडी बाटलीच्या बुचाएवढी. मग डाव्या तळहातावर लाल कागद पसरला, उजव्या हातात चिमटा धरला, आणि म्हणाले, "द्या."

जावईबापूंनी त्या बुचांकडे पाहिलं. चिमट्याकडे पाहिलं. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण माणसं एवढ्या विश्वासाने हात पुढे करतात तेव्हा नाही कसं म्हणायचं? त्यांनी झाकण उघडलं.

मासा आधी लाल कागदावर आला, पण तिथे थांबला नाही. तिथून तो गादीवर, गादीवरून बांगड्यांत, आणि बांगड्यांतून काचेवर घसरत थेट दारापर्यंत. बाई स्टुलावर चढल्या होत्या आणि एकाच सुरात "ई" म्हणत होत्या. जावईबापू गुडघ्यांवर, मग पोटावर. शेवटी मासा त्यांनी छातीशी धरला तेव्हा त्यांच्या शर्टाला खवले होते आणि चष्मा सोनारांच्या मांडीवर.

सोनार अजून तळहात पुढे करूनच बसले होते. लाल कागद भिजून हाताला चिकटला होता. त्यांनी माशाकडे बराच वेळ पाहिलं.

"पन्नास वर्षं मासे तोलले," ते अखेर म्हणाले, "पण मासा आज पहिल्यांदा आला दुकानात." आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं, तक्क्या हलायला लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पेढीवरची कधी न हललेली वस्तू अशी काही राहिलीच नाही. बाईसुद्धा स्टुलावर बसून हसायला लागल्या.

जावईबापू हसले नाहीत. त्यांना उठताच येईना. मासा बादलीत गेला, चष्मा नाकावर आला, आणि एका अनोळखी पेढीवर ओल्या शर्टाने बसून त्यांनी सगळं सांगितलं: सुई, सरासरी, हॉर्न, दोन जिने, रांगणं. घरी त्यांनी एवढं सलग कधी सांगितलं नव्हतं.

सोनार उठून आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पितळेचा जुना तराजू होता. मोठी पारडी, लांब साखळ्या. "आजोबांचा. चांदीची भांडी यावर तोलायचे," ते म्हणाले. "याला स्प्रिंग नाही, बॅटरी नाही, आणि स्वतःचं मत नाही. आणि तुम्हाला आकडा हवाय कशाला? या पारड्यात एकाचा, त्या पारड्यात दुसऱ्याचा. मधला काटा कुणीकडे झुकतो ते शेंबड्या पोरालाही कळेल. सकाळपुरता घेऊन जा. फक्त हलण्याचं काय ते तुमचं तुम्ही बघा. सोनं हलत नाही, त्यामुळे त्यातला अनुभव नाही."

ते बघितलं बायकोने. जावईबापू घरी आले तेव्हा छकुली नुकती झोपली होती, आणि तेवढ्या वेळात दहा कामं उरकायची होती. पण बादलीतून धप्प धप्प आवाज ऐकून ती न्हाणीघरात आली, क्षणभर बघत राहिली, आणि छकुलीचं एक जुनं दुपटं ओलं करून घेऊन आली.

"अगं, काय करतेस?"

"गुंडाळते. हात बाहेर राहिले की मूल दचकून दचकून उठतं. याला हातच नाहीत, म्हणजे अर्धं काम झालेलं आहे."

एक टोक खाली, एक आडवं, शेपटीकडून वर दुमड, डोळ्यांवर हलकी घडी. दहा सेकंदांत मासा मुटकुळं होऊन तिच्या हातांवर गप्प पडला. गेले नऊ महिने जावईबापूंना छकुलीची गुंडाळी जमली नव्हती. ती नेहमी सुटायची. त्यांनी एकदा त्या माशाकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं.

"टक लावून बघताय काय?" ती कुजबुजली. "आवाज करू नका. उठेल."

कोण उठेल ते तिने सांगितलं नाही. संध्याकाळी मासा तळ्यात सोडला.

स्पर्धेच्या सकाळी तराजू तळ्याकाठच्या झाडाच्या फांदीला टांगला. आधी रिकामी पारडी दाखवली, मग दोन्हींत सारखी ओली दुपटी ठेवून दाखवली. काटा मधोमध उभा. मंडळातली माणसं जवळ येऊन वाकून बघत होती, खजिनदारांनी दोनदा. एकेक करत हलके मासे बाद झाले, आणि शेवटी दोन उरले: हेडसरांचा आणि दातांच्या डॉक्टरांचा. असं होणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळे "काय योगायोग!" म्हणाले.

बायकोने दोन्ही मासे गुंडाळले. छकुली चिटणीसांच्या कडेवर होती. जावईबापूंनी दोन्ही मुटकुळी पारड्यांत ठेवली आणि हात साखळ्यांशी धरून हळूहळू सैल सोडले.

काटा थरथरला. उभा राहिला. आणि मग अगदी सावकाश, जणू त्यालाही वाईट वाटत असावं असा, डॉक्टरांच्या बाजूला कलायला लागला.

फरक एवढासा होता. डाव्या पारड्यात हेडसरांचा मासा, आणि त्या साखळीपासून जावईबापूंचा अंगठा बोटभर अंतरावर होता. कोणी पाहत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा काट्यावर. एक अंगठा, एक क्षण, आणि आज संध्याकाळी पाच वाजता घराची बेल वाजली असती. त्यांनी छकुलीकडे पाहिलं. मग अंगठ्याकडे. मग मान वर केली, तर हेडसर काट्याकडे बघतच नव्हते. ते जावईबापूंकडे बघत होते.

जावईबापूंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

पारडं खाली टेकलं.

"वाचा," हेडसर म्हणाले. "मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"डॉक्टरांचा जड आहे, सर."

हेडसरांनी मान हलवली. आपल्या माशाचं दुपटं स्वतः सोडवलं, त्याला पाण्यात सोडलं, आणि स्कूटरवर बसून निघून गेले. टाळ्या वाजल्या त्या डॉक्टरांसाठी. तराजूचंही कौतुक झालं. फ्यूजकाकासुद्धा म्हणाले, की यात सैल व्हायला काही नाहीच. जावईबापूंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. सहा आठवडे धडपडून त्यांनी सासऱ्यांना दुसऱ्यांदा हरवून दाखवलं होतं. या वेळी पुराव्यानिशी.

दुपारभरात बायकोने तेच कपाट दोनदा आवरलं. पाच वाजले. हॉर्न वाजला नाही. सव्वापाच झाले.

"स्कूटर खाली आहे," ती गॅलरीतून म्हणाली. "पण बाबा नाहीत."

जावईबापू धावतच खाली निघाले, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर थबकले. हेडसर पायरीवर बसले होते. टोपी शेजारी, तोंड लालबुंद, एक हात उजव्या गुडघ्यावर गच्च.

"सर! काय होतंय? पाणी आणू?"

"ओरडू नका," हेडसर दम खात म्हणाले. "वर ऐकू जाईल. हा गुडघा. वर्ष झालं. सपाटीवर ठीक असतो, तळ्यापर्यंत जातो. जिना आला की दगा देतो." त्यांनी गुडघा चोळला. "सरासरीचा राग आला होता मला. खरंच आला होता. पण तो आठ दिवसांत गेला. नंतर म्हटलं, असू दे. रागावलेला माणूस खाली थांबला तर लोक त्याचा मान ठेवतात. गुडघेदुखीवाला थांबला तर कीव करतात. आता तुम्ही तो काटा आणलात. मला सबबच ठेवली नाहीत."

जावईबापूंच्या मनात मखमलीवरचे काटे येऊन गेले, खिडकीतला कारकून येऊन गेला, पेढीवर पोटावर पडलेले आपण येऊन गेलो. एवढं सगळं गुडघ्यापायी! खरं म्हणजे त्यांना चांगलाच राग यायला हवा होता. तो शोधत ते एक पायरी खाली बसले.

"सर, सांगायचं होतंत."

"तुम्ही सांगितलं असतंत?"

जावईबापूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले. मग न राहवून बोलून गेले, "सकाळी मी अंगठा लावणार होतो, सर. साखळीला."

"तेहतीस वर्षं परीक्षेला वर्गात उभा राहिलोय मी," हेडसर म्हणाले. "कॉपी करायच्या आधी मुलाचा चेहरा कसा होतो ते मला सांगू नका."

"तुम्ही बघत होतात म्हणून राहिलं."

"मी बघतोय हे तुम्हाला नंतर कळलं. तुम्ही त्याच्या आधीच थांबला होतात." त्यांनी गुडघ्यावरचा हात काढून जावईबापूंच्या खांद्यावर ठेवला. आधार म्हणून ठेवला असावा. पण उठायचा काही प्रयत्न केला नाही.

वरून चपलांचा आवाज आला. बायकोने किती ऐकलं होतं कोण जाणे. एका कडेवर छकुली, दुसऱ्या हातात किटली, आणि बोटांत अडकवलेले तीन कप. छकुलीला तिने जिन्याच्या वळणावरच्या थंडगार फरशीवर सोडलं, आणि भिंतीला टेकून चहा ओतायला लागली.

छकुलीने इकडे तिकडे पाहिलं. मग दोन्ही तळवे फरशीवर आपटले, ढुंगण वर केलं, आणि निघाली. एक गुडघा, दुसरा गुडघा, मध्येच पोटावर, पुन्हा गुडघा. हेडसर पुढे वाकले. त्यांच्या कपातला चहा बशीत सांडत होता. ती त्यांच्या पायांशी पोचली, विजार मुठीत धरली आणि वर बघून हसली. दोन दात.

"डावा गुडघा जरा आधी टाकते," हेडसर म्हणाले. "पण चाल चांगली आहे."

तेवढ्यात शिवणकाकूंचं दार उघडलं. गळ्यात टेप, हातात कात्री. आपल्या दारासमोर चार माणसं, किटली आणि एक टोपी पाहून त्यांनी छातीवर हात नेला. "अगं बाई! काय झालं? असे जिन्यात का बसलात सगळे?"

हेडसरांनी नातीला उचलून धडक्या मांडीवर घेतलं, पाठ ताठ केली, आणि वर्गात शिरताना वापरायच्या आवाजात म्हणाले, "काही झालेलं नाही." मग जरा सरकून पायरीवर जागा केली. "या ना. बसा."

काकूंनी क्षणभर विचार केला. मग आतून एक उशी आणली, आणि बसल्या.